कामाचा प्रवास : भाड्याची गाडी की स्वतःची?

आपल्या संस्थेच्या सभासदांत आज शिक्षक आहेत, ग्रामसेवक आहेत, विमा प्रतिनिधी आहेत, बांधकामाचे छोटे ठेकेदार आहेत आणि वकिलीची सनद घेतलेली तरुण मंडळीही आहेत. या सर्वांच्या कामात एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे प्रवास. नळदुर्ग हे गाव पुणे-हैदराबाद या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६५ वर वसलेले असले, तरी आपली बहुतेक कामे गावाबाहेर होतात. तहसील तुळजापूरला, ती सुमारे ३५ किलोमीटरवर. जिल्हा परिषद व जिल्हा न्यायालय धाराशिवला, ते पन्नास-साठ किलोमीटरवर. रेल्वे, मोठे दवाखाने व ठोक बाजार सोलापूरला, ते सुमारे ५० किलोमीटरवर. उच्च न्यायालयाच्या खंडपीठात काम निघाले तर छत्रपती संभाजीनगरपर्यंत सुमारे तीनशे किलोमीटर जावे लागते.

साहजिकच नोकरी-धंद्यात थोडा जम बसला की प्रत्येकाच्या मनात प्रश्न येतो. कामासाठी लागेल तेव्हा गाडी भाड्याने करावी, की कर्ज काढून स्वतःची घ्यावी? बँकेच्या खिडकीपाशी बसणाऱ्या माझ्यासारख्याला हा प्रश्न वारंवार ऐकू येतो. मात्र विचारणारा बहुधा एवढेच विचारतो की, "हप्ता किती बसेल?" हप्ता हा या हिशोबाचा एक भाग आहे. उरलेले भाग कोणते, ते या लेखात सोप्या भाषेत मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

भाडे देऊनही गाडी न मिळण्याचा काळ

हिशोबाकडे वळण्यापूर्वी थोडे मागे पाहणे योग्य ठरेल. दारात स्वतःची गाडी असावी ही ओढ आपल्या समाजात निव्वळ हौसेतून आलेली नाही.

१९०१ साली बाल भीमराव आपला भाऊ व भाच्यांसह साताऱ्याहून वडिलांना भेटण्यासाठी निघाले. वडील गोरेगाव येथे रोखपालाच्या नोकरीवर होते. मुले आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरली. पुढे बैलगाडी हवी होती आणि भाड्याचे पैसेही जवळ होते. परंतु मुले अस्पृश्य आहेत असे कळताच एकही गाडीवान तयार होईना. अखेर स्टेशनमास्तरांच्या मध्यस्थीने तोड निघाली, ती अशी की भाडे दुप्पट द्यायचे, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार. म्हणजे भाडे दुप्पट आणि हाकण्याची जबाबदारीही भाडेकरूचीच. रात्री टोलनाक्यावर थांबल्यावर पिण्याचे पाणीदेखील मिळाले नाही. पुढे बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे.

आपला भाग त्या काळी निजामाच्या राज्यात होता. निजामाच्या रेल्वेने १९३२ साली रस्ते वाहतूक खाते काढले व २७ बसगाड्यांनिशी सेवा सुरू केली. तिकडे मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर ही पहिली एस.टी. धावली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला. तिकीट काढणाऱ्या कोणालाही बसता येईल अशा या सार्वजनिक गाड्यांचे मोल किती, हे मसूरची हकीकत वाचल्यावर अधिक समजते.

तेव्हा एखाद्या घरासमोर पहिली मोटार उभी राहते आणि तिला हार घातला जातो, तेव्हा त्या आनंदामागे मोठा इतिहास असतो. त्याचा मान राखूनच आपण आता कागद-पेन्सिल हाती घेऊ.

उभी गाडीही पैसे खाते

मोटारीचा खर्च दोन प्रकारचा असतो. पहिला स्थिर खर्च. गाडी चालो अगर न चालो, तो होतोच. दुसरा धावता खर्च, म्हणजे जितके किलोमीटर तितका.

स्थिर खर्चात चार बाबी येतात. गाडीची किंमत दरवर्षी घटते ती घट, कर्जावरील व्याज, विम्याचा हप्ता, आणि आपण पदरचे घातलेल्या रकमेवर बँकेत जे व्याज मिळाले असते ते. धावत्या खर्चात पेट्रोल, सर्व्हिसिंग, टायर व किरकोळ दुरुस्ती येते.

एक उदाहरण घेऊ. यातील आकडे केवळ समजण्यासाठी धरले आहेत. वाचकांनी त्या जागी आपापले आकडे घालावेत.

समजा, गाडी रस्त्यावर येईपर्यंत ७ लाख रुपये लागले. एक लाख पदरचे व सहा लाख कर्ज, व्याजदर ९ टक्के, मुदत पाच वर्षे. मासिक हप्ता सुमारे १२,४५५ रुपये बसेल. पाच वर्षांत एकूण भरणा सुमारे ७,४७,३०० रुपये, म्हणजे व्याज १,४७,३०० रुपये. पाच वर्षांनी गाडी साडेतीन लाखांना विकली गेली असे धरू. आता दरवर्षीचा स्थिर खर्च पाहा :

किमतीतील घट — ७०,००० रुपये
कर्जाचे व्याज (सरासरी) — २९,५०० रुपये
विमा — १५,००० रुपये
पदरच्या एक लाखावरील बुडालेले व्याज (साडेसहा टक्क्यांनी) — ६,५०० रुपये
एकूण — १,२१,००० रुपये

याचा अर्थ असा की, गाडी दारात झाकून ठेवली तरी दररोज सुमारे ३३० रुपये खर्च होतात. ते कोणी मागायला येत नाही, म्हणून जाणवत नाहीत.

आता धावता खर्च. पेट्रोल १०४ रुपये लिटर व गाडी लिटरमागे १६ किलोमीटर जाते असे धरल्यास किलोमीटरला साडेसहा रुपये होतात. सर्व्हिसिंग-टायरचा दीड रुपया मिळवून ८ रुपये धरू. सोलापूरला जाऊन-येऊन १०० किलोमीटर, म्हणजे ८०० रुपये. तीच फेरी चालक व इंधनासह भाड्याच्या गाडीने २,५०० रुपयांना पडते असे समजू. फरक १,७०० रुपयांचा.

म्हणजे स्वतःची गाडी प्रत्येक फेरीमागे १,७०० रुपये वाचवते, परंतु वर्षाला १,२१,००० रुपये आधीच खाते. १,२१,००० ला १,७०० ने भागले असता ७१ येतात. वर्षात ७१ फेऱ्या, म्हणजे महिन्याला साधारण सहा, ही या उदाहरणातील सीमारेषा होय. त्याहून कमी फेऱ्या असतील तर भाड्याची गाडी स्वस्त, अधिक असतील तर स्वतःची स्वस्त.

महिन्यातून दोनदा जाणाऱ्याचा वर्षाचा खर्च भाड्याने ६०,००० रुपये होईल, तर स्वतःच्या गाडीने १,४०,२०० रुपये. उलट महिन्यातून बारा वेळा जाणाऱ्याला भाड्यापोटी ३,६०,००० रुपये मोजावे लागतील, स्वतःच्या गाडीला मात्र २,३६,२०० रुपये पुरतील. एकाच गल्लीतील दोन शेजाऱ्यांना एकच उत्तर लागू पडत नाही, ते यामुळेच.

जुनी गाडी घेतल्यास ही सीमा खाली येते. तीन लाखांची जुनी गाडी रोखीने घेतली, पाच वर्षांनी दीड लाखाला विकली, आणि विमा व जादा दुरुस्ती मिळून वर्षाला वीस हजार धरले, तर बुडालेल्या व्याजासह स्थिर खर्च सुमारे ६९,५०० रुपये येतो व सीमा ४१ फेऱ्यांवर येते. मात्र दुरुस्तीचा आकडा जुन्या गाडीत आपल्या हाती राहत नाही, हे लक्षात ठेवावे.

लहान हप्त्याची भुरळ

हप्ता कमी बसावा म्हणून पुष्कळजण मुदत वाढवून घेतात. वरील सहा लाखांचे कर्ज सात वर्षांचे केले, तर हप्ता सुमारे ९,६५० रुपयांवर येतो. ऐकायला बरे वाटते. परंतु एकूण व्याज २,१०,९०० रुपये होते, म्हणजे सुमारे ६३,६०० रुपये जास्त. शिवाय पाचव्या-सहाव्या वर्षी टायर, बॅटरी, क्लच यांचा खर्च निघतो, तेव्हा हप्ताही चालूच असतो.

कर्ज घेताना दुसरी एक गोष्ट विचारावी. व्याज घटत्या शिल्लकेवर आहे की मूळ रकमेवर सरसकट? पाच वर्षे सरसकट ९ टक्के म्हणजे सहा लाखांवर २,७०,००० रुपये व्याज. तोच दर घटत्या शिल्लकेवर १,४७,३०० रुपयांत भागतो. दर एकच आणि बोजा जवळजवळ दुप्पट. विद्यार्थ्यांनी हे गणित वहीत सोडवून पाहावे आणि घरच्यांना समजावून सांगावे.

भाड्याची गाडी ठरवताना

भाड्याच्या गाडीची पहिली ओळख तिच्या नंबर प्लेटवर असते. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे खाजगी वाहन. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे भाड्याने चालवण्याचा परवाना असलेले वाहन. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतील, तर ती गाडी भाडेकरूने स्वतः चालवण्यासाठी दिलेली असते. या तिसऱ्या प्रकारासाठी केंद्र सरकारने १९८९ साली योजना केली व तीत चालकाकडे नव्हे, तर धंदा करणाऱ्याकडे किमान पन्नास गाड्या असण्याची अट घातली. त्यामुळे हा धंदा मोठ्या शहरांत वाढला. आपल्यासारख्या गावात चालकासह 'स्पेशल गाडी' करणे हाच रिवाज राहिला.

प्रत्यक्षात मात्र ओळखीच्या माणसाची पांढऱ्या पाटीची गाडी 'डिझेल टाकून वर पाचशे' अशा बोलीवर नेण्याची पद्धत आहे. दोनशे-चारशे रुपये वाचतात हे खरे. पण खाजगी गाडीच्या विमापत्रात ती भाड्याने वापरायची नाही अशी अट असते. अशा फेरीत अपघात झाला तर गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते, आणि जखमी प्रवाशाच्या भरपाईसाठी कोर्टाची पायरी चढावी लागते. मालकाला तर विनापरवाना वाहतुकीबद्दल मोटार वाहन कायद्यानुसार दहा हजार रुपये दंड व सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. वाचलेले चारशे रुपये कोणाच्या जिवावर वाचले, याचा विचार दोन्ही बाजूंनी करावा.

गाडी ठरवताना पुढील गोष्टी आधीच बोलून, शक्य तर मोबाईलवर लिहून घ्याव्यात : दर किलोमीटरचा की फेरीचा, दिवसाला किमान किती किलोमीटर धरणार, चालकाचा भत्ता किती, टोल व पार्किंग कोणाकडे, आणि मुक्काम पडला तर रात्रीचे काय. लांबच्या प्रवासात दिवसाला अडीचशे-तीनशे किलोमीटर किमान धरण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. जवळच्या कामासाठी असा दर महाग पडतो. तेथे फेरीचा एकरकमी दर ठरवावा. गाडीचे पासिंग, विमा व प्रदूषण प्रमाणपत्र चालू आहे की नाही, हे गाडीचा नंबर टाकून सरकारच्या एम-परिवहन अ‍ॅपवर पाहता येते. नवीन भाडोत्री गाडीला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी व त्यानंतर दरवर्षी पासिंग करावे लागते.

स्वतःच्या गाडीवाल्यांनीही विमापत्र एकदा वाचावे. केवळ कायद्यापुरता, म्हणजे थर्ड पार्टी विमा असेल, तर गाडीत बसलेल्या आपल्याच माणसांना त्याचे संरक्षण मिळत नाही. सर्वसमावेशक विम्यात ते मिळते. सोबत मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमाही असावा. १५ ऑगस्ट २०२५ पासून खाजगी मोटारींसाठी राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅगचा वार्षिक पास सुरू झाला आहे. सुरुवातीला त्याचे शुल्क ३,००० रुपये होते व त्यात एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, यांपैकी जे आधी संपेल तोवर टोल भागतो. पिवळ्या पाटीच्या गाड्यांना ही सवलत नाही. महामार्गावरून वारंवार जाणाऱ्याने ही बाबही हिशोबात धरावी.

चाळीसगावचा धडा

आता सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येऊ. गाडी कोणाची, यापेक्षा ती हाकणार कोण हा प्रश्न मोठा आहे.

मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींच्या चौकशीसाठी समिती नेमली होती. बाबासाहेब तिचे सदस्य होते व त्या कामासाठी खानदेशात फिरत होते. म्हणजे हा कामाचाच प्रवास होता. २३ ऑक्टोबर १९२९ रोजी ते चाळीसगाव स्टेशनवर उतरले. तेथील आपल्या लोकांनी त्यांना वस्तीवर मुक्कामाला नेण्याचे ठरवले. परंतु एकही टांगेवाला अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला राजी होईना. पाहुण्याला पायी नेणे लोकांना अपमानाचे वाटले. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, पण टांगेवाल्याविना. हाकायला बसला तो वस्तीतलाच एक माणूस, ज्याला त्या कामाचा सराव नव्हता. नदीवरील मोरीवर घोडा बिथरला, चाक दगडात अडकले. बाबासाहेब फरसबंदीवर आपटून बेशुद्ध झाले व त्यांच्या उजव्या पायाचे हाड मोडले. घोडा व टांगा नदीत पडले.

या प्रसंगाविषयी लिहिताना बाबासाहेबांनी टांगेवाल्यांच्या वृत्तीवर बोट ठेवलेच. पण आपल्या लोकांनाही एक गोष्ट सुनावली की, पाहुण्याच्या मानापेक्षा त्याची सुरक्षितता मोठी, हे त्यांनी ध्यानात घ्यायला हवे होते. प्रवासाच्या संदर्भात याहून उपयुक्त शिकवण दुसरी सापडणार नाही.

आज टांगेवाला नाही म्हणत नाही. पण सराव नसलेल्या हाती लगाम देण्याची चूक आपण आजही करतो. नवी गाडी आली की महिन्याभराच्या शिकाऊ चालकाला घेऊन महामार्गावर निघतो. दिवसभर धाराशिवच्या कचेऱ्यांत उभे राहून थकलेला माणूस रात्री नऊ वाजता स्वतःच गाडी हाकत परततो. समोरून मालट्रकचे दिवे डोळ्यांवर येतात आणि ऊस वाहणारे ट्रॅक्टर मागच्या दिव्याशिवाय चालत असतात. पगारी मोटार चालकासाठी कायद्याने दिवसाला आठ तासांच्या कामाची मर्यादा घातली आहे. स्वतःची गाडी हाकणाऱ्याच्या थकव्यावर असा कोणताही पहारा नाही. तो ज्याचा त्यानेच ठेवायचा आहे.

म्हणून ज्यांची गाडी स्वतःची आहे, त्यांनीदेखील लांबच्या किंवा रात्रीच्या कामाला अनुभवी चालक रोजाने घ्यावा. चारशे-पाचशे रुपयांचा हा खर्च वायफळ नाही. त्याचप्रमाणे भाड्याच्या गाडीचा चालक आदल्या रात्री जागून आला आहे काय, हे विचारण्यात संकोच करू नये. त्याला वेळेवर जेवण व विश्रांती मिळाली पाहिजे. तोही कष्टकरी माणूस आहे आणि त्याच्या डोळ्यांवर आपले प्राण अवलंबून असतात.

कार्यालयाचा प्रवास भत्ता

नोकरदारांनी निघण्यापूर्वी आपल्या कार्यालयाचा नियम पाहावा. अनेक ठिकाणी स्वतःच्या वाहनाने गेल्यास ठराविक दराने प्रति किलोमीटर भत्ता मिळतो, तोही पूर्वपरवानगी असेल तरच. भाड्याची गाडी केल्यास पावती लागते आणि ती परवानाधारक वाहनाची असावी लागते. पांढऱ्या पाटीच्या गाडीची पावती हिशोबात अडकते. मिळणारा भत्ता केवळ पेट्रोलशी ताडून "चार पैसे सुटले" असे समजू नये. वर दाखवलेली किमतीतील घटही त्यातूनच भागवायची असते. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यांनी भाड्याच्या पावत्या तसेच पेट्रोल व दुरुस्तीची बिले जपून ठेवावीत. आयकराच्या हिशोबात व्यवसायाच्या मोटारीवर १५ टक्के घसारा धरण्याची पद्धत आहे, तर भाड्याने चालणाऱ्या गाडीवर ३० टक्के. रोज पळणारी गाडी किती लवकर झिजते, याची कल्पना या दोन आकड्यांवरून येईल.

तिसरा मार्गही आहे

भाड्याची की स्वतःची, या वादात एस.टी.ला विसरू नये. महामार्गावरील गाव असल्याने सोलापूरच्या बाजूला आपल्याला बसची सोय आहे. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.च्या प्रवासभाड्यात निम्मी सवलत लागू झाली. एकट्याने, हातात फक्त फाईल घेऊन, दिवसाउजेडी जायचे असेल तर एस.टी.सारखी स्वस्त व सुरक्षित गाडी नाही. आजारी माणूस, सामान, चार ठिकाणची कामे किंवा अवेळ असेल, तेव्हाच मोटारीचा विचार करावा.

दुसरे असे की, धाराशिवला कामासाठी जाणारे आपल्यातले तीन-चार सभासद एकाच दिवशी वेगवेगळ्या वाहनांनी जातात. दिवस आधी ठरवून एक पिवळ्या पाटीची गाडी केली, तर प्रत्येकाच्या वाट्याला भाड्याचा चौथा हिस्सा येईल. वस्तीत ज्यांच्याकडे परवान्याची गाडी आहे, अशा तरुणांना त्यातून नियमित धंदाही मिळेल. येथे विद्यार्थ्यांसाठी एक माहिती द्यावीशी वाटते. हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेल्यास साडेसात हजार किलो वजनापर्यंतचे हलके भाडोत्री वाहन चालवण्यास वेगळी नोंद लागत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला आहे. शिक्षण सांभाळून रीतसर मोटार चालवण्यास शिकणे हे हाती एक हुन्नर असण्यासारखे आहे.

निर्णय कसा घ्यावा

सारांशाने सांगायचे तर, गाडीच्या दुकानात जाण्यापूर्वी तीन महिने एक लहान वही ठेवावी. तीत तारीख, कोठे गेलो, किती किलोमीटर, कशाने गेलो आणि किती खर्च आला, एवढेच लिहावे. तीन महिन्यांच्या फेऱ्यांची चौपट केली की वर्षाचा अंदाज येतो. मग गाडीचा वार्षिक स्थिर खर्च काढावा व त्याला एका फेरीमागील बचतीने भागावे. आपल्या फेऱ्या त्या आकड्याच्या बऱ्याच वर असतील, तर खुशाल स्वतःची गाडी घ्यावी, शक्यतो पाच वर्षांच्या आत फिटेल अशा कर्जाने. बऱ्याच खाली असतील, तर भाड्याची गाडी करण्यात कोणताही कमीपणा नाही. आकडा काठावर आला, तर घरात मुलांच्या शिक्षणाचा कोणता खर्च येत्या पाच वर्षांत येणार आहे ते आधी पाहावे. गाडी दोन वर्षे उशिरा आली तरी चालते, कॉलेजचा प्रवेश मात्र थांबत नाही.

गाडी स्वतःची असो वा भाड्याची, तिची कागदपत्रे चालू, चालक जाणता व ताजातवाना आणि हिशोब वहीत लिहिलेला असावा. इतके सांभाळले तर आपला सभासद सकाळी कामाला जाईल आणि संध्याकाळी सुखरूप घरी येईल.